धूम्रपानमुक्तीतील परस्पर आधार

धूम्रपानमुक्तीतील परस्पर आधार म्हणजे विडी, सिगारेट किंवा धुराच्या स्वरूपातील अन्य तंबाखू सोडू पाहणाऱ्या व्यक्तींनी एकमेकांना, तसेच कुटुंबीय, मित्र, सहकारी व आरोग्यसेवकांनी त्यांना दिलेले मानसिक व व्यावहारिक साहाय्य होय. निकोटीनचे अवलंबित्व शारीरिक असले, तरी सवय सामाजिक प्रसंगांशी जोडलेली असते. म्हणून सोडण्याचा निर्णय टिकवण्यासाठी औषधोपचार व समुपदेशन यांच्या जोडीने भोवतालच्या माणसांचे वर्तनही महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रात हा विषय शहरांइतकाच पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी यांसारख्या आदिवासीबहुल तालुक्यांसाठीही महत्त्वाचा आहे. तेथे विडी रोजच्या श्रमाशी निगडित असून उपचारकेंद्रे अनेक पाड्यांपासून दूर आहेत.

पार्श्वभूमी

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीनुसार (२०१६-१७) भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण १०.७ टक्के होते. त्यात विडी ओढणारे (७.७ टक्के) सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा (४ टक्के) अधिक होते. महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूसेवन करत होते. त्यांपैकी बहुसंख्य तंबाखू खाणारे किंवा मिश्री लावणारे असून धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के होते. देशातील निम्म्याहून अधिक धूम्रपान करणारे सवय सोडण्याच्या विचारात असल्याचे याच सर्वेक्षणात दिसले. इच्छेचा अभाव ही मुख्य अडचण नसून इच्छा टिकवणे ही अडचण आहे, हे यावरून स्पष्ट होते.

निकोटीनचे अवलंबित्व व माघारीची लक्षणे

धूर फुप्फुसांत गेल्यावर निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते व डोपामीन या रसायनाचे स्रवण वाढवते. सेवन थांबल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, एकाग्रतेचा अभाव, उदासी व भूक वाढणे अशी लक्षणे दिसतात. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असतात आणि साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तलफेची प्रत्येक लाट मात्र काही मिनिटांचीच असते. ती तेवढा वेळ थोपवून धरणे, दीर्घ श्वास घेणे, पाणी पिणे आणि लक्ष दुसऱ्या कामात गुंतवणे हे उपाय समुपदेशक सुचवतात.

शरीरावर होणारे अनुकूल परिणाम लवकर सुरू होतात. शेवटच्या विडीनंतर सुमारे २० मिनिटांत हृदयाची गती उतरू लागते. रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण साधारण एका दिवसाच्या आत पूर्ववत होते. पुढील महिन्यांत खोकला व धाप कमी होते. एका वर्षानंतर हृदयविकाराचा वाढीव धोका जवळपास निम्म्यावर येतो, तर दहा वर्षांनंतर फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या सुमारे निम्मा होतो. हे टप्पे माहीत असल्यास सुरुवातीच्या कठीण दिवसांत प्रेरणा टिकण्यास मदत होते.

प्रेरणा टिकवण्याची प्रक्रिया

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स प्रोचास्का व कार्लो डिक्लेमेंटे यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार सवय बदलण्याचे टप्पे असतात : विचारपूर्व अवस्था, विचार, तयारी, कृती व सातत्य. व्यक्ती ज्या टप्प्यावर असेल त्यानुसार आधाराचे स्वरूप बदलते. विचाराच्या टप्प्यावर उपदेशापेक्षा प्रश्न उपयोगी पडतात. तयारीच्या टप्प्यावर निश्चित तारीख ठरवणे, घरातील विड्या व काडेपेटी काढून टाकणे आणि आपला निर्णय जवळच्यांना सांगणे उपयुक्त ठरते.

अनेकांना यश येण्यापूर्वी एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात. ॲलन मार्लाट व ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८० च्या दशकात पुनरावृत्तीचा अभ्यास करताना एका घसरणीचे पूर्ण पुनरावृत्तीत रूपांतर कसे होते, हे दाखवले. एक विडी ओढल्यानंतर ‘आता सारे संपले’ ही अपराधी भावना पुढच्या विडीस कारण ठरते. म्हणूनच या क्षणी सोबत्याने केलेली टीका अपायकारक आणि ‘उद्याचा दिवस पुन्हा पहिला’ अशी भूमिका हितकारक मानली जाते. चहा, मद्यपान किंवा ताडी, जेवणानंतरचा वेळ, भांडण व कामातील विश्रांती हे पुनरावृत्तीचे नेहमीचे प्रसंग होत. विडी सोडून तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीकडे वळणे हीदेखील महाराष्ट्रात घडणारी गोष्ट असून ती निकोटीनमुक्ती नव्हे.

परस्पर आधाराचे पुरावे

निकोलस ख्रिस्ताकिस व जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम हृदय अभ्यासातील १२,०६७ व्यक्तींच्या १९७१ ते २००३ या काळातील सामाजिक संबंधांचे विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध केले. पती किंवा पत्नीने धूम्रपान सोडल्यास दुसऱ्याने धूम्रपान करण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी, मित्राने सोडल्यास ३६ टक्क्यांनी, लहान आस्थापनेतील सहकाऱ्याने सोडल्यास ३४ टक्क्यांनी आणि भावंडाने सोडल्यास २५ टक्क्यांनी घटलेली आढळली. परस्परांशी जोडलेले गट जवळपास एकाच वेळी धूम्रपान सोडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. समान स्वभावाची माणसे मुळातच एकत्र येत असल्याने या आकड्यांतील कार्यकारणभाव किती, याबद्दल नंतर संशोधकांत मतभेद झाले.

एकत्रित आढाव्यांनुसार गटातील समुपदेशन केवळ माहितीपत्रकांच्या आधारे स्वतः केलेल्या प्रयत्नांपेक्षा अधिक परिणामकारक आहे. मात्र जोडीदारास ‘आधार कसा द्यावा’ याचे प्रशिक्षण देण्याच्या प्रयोगांत यशाचे प्रमाण वाढल्याचे स्पष्टपणे दिसलेले नाही. सतत पाळत ठेवणे, टोमणे मारणे व संशय घेणे हे आधाराच्या नावाखाली घडू शकते. तलफेच्या वेळी सोबत राहणे, स्वतः समोर न ओढणे, प्रत्येक दिवसाची दखल घेणे व लक्षणांमुळे होणारी चिडचिड समजून घेणे हे आधाराचे उपयुक्त प्रकार मानले जातात.

महाराष्ट्रातील प्रयत्न

भारतात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने २००२ मध्ये १३ तंबाखूमुक्ती उपचारकेंद्रे सुरू झाली. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ पासून राबवला जातो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेत २०१६ मध्ये १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर राष्ट्रीय दूरध्वनी समुपदेशन सेवा सुरू झाली. पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह अन्य केंद्रांतून ती प्रादेशिक भाषांत उपलब्ध झाली.

टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातील एका रासायनिक कारखान्यात केलेल्या उपक्रमाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यस्थळी वारंवार भेटी घेऊन समुपदेशन केल्यावर प्रत्येक टप्प्यागणिक सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले व वर्षअखेर ते सुमारे ४० टक्क्यांपर्यंत पोहोचले. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानात दारू व तंबाखूविरोधात गावसंघटनांवर भर आहे. अनिल व अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात कुटुंबीयांना उपचारात सामील करून घेतले जाते. तेथील ‘सहचरी’ गट व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी आहे. मुंबईतील सलाम बॉम्बे फाउंडेशन (स्थापना २००२) शालेय विद्यार्थ्यांमार्फत तंबाखूविरोधी जागृती करते.

डहाणू व तलासरी

डहाणू व तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात येतात. वारली, कोकणा, दुबळा, धोडिया व कातकरी या जमातींची येथे वस्ती असून तलासरी तालुक्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ९० टक्के आहे. विडीसाठी तेंदूच्या पानांबरोबरच कोकण-ठाणे पट्ट्यात आपट्याची पानेही वापरली गेली आहेत. पाहुण्याला किंवा सोबत्याला विडी पुढे करणे हा ग्रामीण आतिथ्याचा भाग असल्याने नकार देणे सोडणाऱ्यास अवघड जाते.

पावसाळ्यानंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या व बांधकामांवर स्थलांतर करतात. काही पुरुष सौराष्ट्राच्या बंदरांवरील मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात, तर सीमेलगतचे बरेच कामगार उंबरगाव व वापीच्या औद्योगिक वसाहतींत काम करतात. समुपदेशनाचे सातत्य या स्थलांतरात तुटते. आशा कार्यकर्ती, आरोग्य उपकेंद्र व रुग्णालय गावात राहतात आणि सोडणारा मात्र आठवडेच्या आठवडे दूर असतो. अशा वेळी भट्टीवरील किंवा बोटीवरील सोबती हाच जवळचा आधार ठरू शकतो. गावातून एकत्र निघणाऱ्यांनी एकत्र सोडण्याचा निर्णय घेणे येथे विशेष उपयोगी पडू शकते. वारली बोलीत, तर सीमाभागात गुजरातीतही संवाद साधता येणे आवश्यक असते.

क्षयरोगामुळे या प्रश्नाला आणखी गांभीर्य येते. धूम्रपानाने क्षयरोगाचा धोका दुपटीहून अधिक वाढतो व उपचारांचे निष्कर्षही बिघडतात. कुपोषण व दाटीची राहणी असलेल्या श्रमिक कुटुंबांत हा धोका अधिकच जाणवतो. क्षयरोगाच्या औषधांसाठी होणाऱ्या नियमित भेटी तंबाखू सोडण्याबाबत बोलण्याची संधी ठरतात.

औषधोपचार

निकोटीनयुक्त च्युइंगगम व चकत्या, तसेच बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लीन ही औषधे वापरली जातात. निकोटीन पर्यायी उपचाराने यशाची शक्यता सुमारे ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. गर्भवती स्त्रिया व हृदयरुग्णांनी ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. कोणत्याही साहाय्याविना केलेल्या प्रयत्नांत सहा महिने ते वर्षभर टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के आढळते.

कायदेशीर चौकट

सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायदा २००३ चा असून २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे सुधारित नियम लागू झाले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर व २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. एकेक विडी सहज न मिळणे हे नव्याने सोडणाऱ्यास साहाय्यभूत ठरते. मात्र अशा नियमांचा उपयोग स्थानिक अंमलबजावणीवर अवलंबून असतो.

हे सुद्धा पहा

तंबाखू
विडी
व्यसनमुक्ती
क्षयरोग
पालघर जिल्हा