नागोबाचं जेवण

मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. इथली बोली मराठी, पिकं संत्रा आणि कापूस. नागपंचमीचे रिवाजही विदर्भासारखेच: नांगर चालत नाही, तवा चढत नाही, नागोबाला दूध-लाह्या दाखवतात.

दूध मात्र सापाचं अन्नच नव्हे. गारुडी त्याला उपाशी, तहानलेला ठेवत, म्हणून तो वाटीत तोंड घाली. त्याचं खरं ताट शेतातच असतं. धामण उंदीर खाते आणि कुणाकडे मजुरी मागत नाही!

माणसाने सापाला मुद्दाम उंदीर पुरवण्याची गोष्ट मुंबईतल्या परळला नेते. शास्त्रज्ञ हाफकिनने 1897 मध्ये प्लेगची लस काढली; 1899 मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. प्लेगचा माग काढताना मुंबईत हजारो उंदीर तपासले गेले. 1925 पासून हाफकिनचं नाव मिरवणाऱ्या त्याच संस्थेत पुढे सर्पदंशावरचं प्रतिविष तयार होऊ लागलं. विषासाठी साप पाळायचे, तर त्यांना उंदीर हवेतच. एके काळचा संशयित असा खाद्य झाला.

परदेशात पाळीव अजगरासाठी गोठवलेले उंदीर दुकानात मिळतात. ते फ्रीजमध्ये हळूहळू वितळवतात, मग कोमट पाण्यात ऊबदार करून चिमट्याने पुढे धरतात. ओठांवरच्या खळग्यांनी अजगराला ऊब कळते. गार उंदराकडे तो सहसा पाहतही नाही. जिवंत उंदीर उलटून चावतो, तो धोकाही टळतो.

सौंसरच्या घरात असा फ्रीज भरायचं कारण नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने नाग-धामण पाळायला मनाई आहे.