सातपुड्याचे जंगल आणि मधली हद्द



चोपड्याच्या रस्त्याने तापी ओलांडली म्हणजे समोर सातपुड्याची निळी रांग उभी राहते. तिच्याकडे पाहताना हद्दीचा विचार कोणाच्या मनात येत नाही. पण त्याच रांगेतून महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांची सीमा गेली आहे. डोंगर एक आणि वनखाती दोन. ह्या व्यवस्थेचे जंगलाला काय फळ मिळाले, त्याचा थोडा इतिहास आज मांडायचा आहे. आम्ही विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि हमालांच्या बैठकांत झाले. चुकले तर सांभाळून घ्यावे.

प्रथम माणसांविषयी. दिवाळीनंतर सातपुड्यातले मजूर कापूस वेचायला आणि जिनिंगच्या कामाला खाली उतरतात. अलीकडचे स्वतःस पावरा म्हणवितात, पलीकडचे बारेला. बोली एक, देव एक, सोयरीकही एक. हद्द त्यांनी आखलेली नाही.

मग ती आखली कोणी? १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. उत्तरेकडे होळकरांचा आणि बडवानीचा मुलूख राहिला. भिल्लांना आवरण्यासाठी आउट्रमने १८२५ साली भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचे ठाणे आपल्या शेजारी धरणगावी होते. सेंधव्याच्या घाटाची राखण खाज्या नाईकाकडे होती. तोच पुढे सत्तावन्नच्या उठावात इंग्रजांवर उलटला आणि एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. डोंगरातल्या माणसावाचून डोंगराची राखण होत नाही, एवढे इंग्रजालाही कळले होते.

जंगलाच्या बाबतीत मात्र त्याने नेमके उलटे केले. आगगाडी आली, रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड हवे झाले. १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली. पिढ्यान्‌पिढ्या मोहाची फुले, डिंक आणि सरपण आणणारे लोक कायद्याने चोर ठरले. हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. संस्थानांचे नियम निराळे. १९३० साली लोकांनी ह्याला उत्तर दिले. तापी ज्या बैतूल जिल्ह्यात उगम पावते, तेथे गंजनसिंह कोरकू यांनी जंगल सत्याग्रह चालविला. त्याच वर्षी कोकणात चिरनेरला गोळीबार झाला.

स्वातंत्र्य आले, संस्थाने विलीन झाली. १९५६ आणि १९६० साली राज्ये नव्याने मांडली गेली. डोंगरातली हद्द मात्र पुसली नाही. कालची संस्थानाची हद्द आज राज्याची झाली, इतकेच. घटनेने वने राज्यांकडे सोपविली होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ती समवर्ती सूचीत आली आणि १९८० च्या कायद्याने जंगलजमीन दुसऱ्या कामास देण्यापूर्वी केंद्राची परवानगी लागू लागली. हा लगाम आवश्यकच होता. पण दिल्लीचा लगाम म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यांतला सलोखा नव्हे. यावलचे अभयारण्य १९६९ साली झाले. त्याची पाटी हद्दीपाशी संपते. वणवा तेथे थांबत नाही आणि कुऱ्हाडही थांबत नाही. २०२२-२३ मध्ये पलीकडे बऱ्हाणपूर जिल्ह्यात अतिक्रमणासाठी मोठी तोड झाली. ती थांबवा म्हणून आदिवासींची संघटनाच धरणे धरून बसली, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, डोंगरातल्या झाडांशी अमळनेरकरांचे काय देणेघेणे? सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्यास बझाडा म्हणतात. डोंगरातले पाणी तेथे मुरते आणि त्यावर रावेर-यावलची केळी उभी आहे. वरचे झाड गेले की पाणी मुरायच्या ऐवजी माती घेऊन धावते. आणि आता दुसरेही कारण आले आहे. झाड हवेतला कार्बन आपल्या अंगात साठवून ठेवते. ते जळले वा कुजले की तो परत हवेत जातो. २०३० पर्यंत आणखी २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड झाडांत साठवू, असे वचन भारताने २०१५ साली जगाला दिले. हवेला तर हद्दच नाही.

ह्या ठिकाणी आम्हांस आमच्या धंद्यातली गोष्ट आठवते. एका वर्षी आम्ही एका गावात हमालीचा दर वाढवून घेतला. व्यापाऱ्यांनी माल हद्दीपलीकडच्या गावी वळविला. आमचे हमाल हात बांधून बसले आणि पलीकडचे जुन्याच दरात राबले. दुसऱ्या वर्षी दोन्हीकडचे हमाल एका झाडाखाली बसले आणि एकच दर मागितला. तेव्हा माल जायला जागाच उरली नाही. जंगलाचेही असेच आहे. एकीकडे पहारा वाढला की तोड दुसरीकडे सरकते.

जगात हे इतरांनी ओळखले आहे. आल्प्सच्या देशांनी १९९१ साली करार केला आणि १९९६ साली त्यास डोंगरी जंगलांचा स्वतंत्र मसुदा जोडला. कार्पेथियन डोंगरातल्या सात देशांनी २००३ साली तसेच केले. तेथे देश वेगळे, भाषा वेगळ्या. आपल्याकडे तर देश एकच आहे!

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापीचे पाणी जमिनीत मुरविण्याच्या योजनेचा करार केला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु पाणी मुरवायचे तर ते अडविणारे जंगलही दोघांनी मिळून राखले पाहिजे. आणि ते राखणार कोण? साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने उत्तर दिले आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने स्वतः नियम घालून आपले जंगल वाढविले. २०२५ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा हक्क दिला आहे. हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या ग्रामसभा एकत्र बसाव्यात, वणव्याचा आणि चोरट्या तोडीचा निरोप एकमेकींना द्यावा, आणि दोन्ही वनखात्यांनी त्यांच्या बैठकीला हजर राहावे, एवढीच आमची मागणी आहे.

पावरा आणि बारेला ह्यांची सोयरीक हद्दीवरून आजही होते. सरकारांनीही तेवढे शिकावे.