पराभवानंतरचे समाजमन : अजित वाडेकर यांचा संघ (१९७१-७४) आणि नंतरचे काही प्रसंग

प्रस्तावना

राष्ट्रीय संघाच्या पराभवानंतर संबंध देशाची मनःस्थिती पालटते, ही गोष्ट जगाच्या क्रीडा-इतिहासाला नवीन नाही. १६ जुलै १९५० रोजी रिओ दि जानेरो येथील माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलचा २-१ असा पराभव केला आणि ब्राझीलमध्ये राष्ट्रीय दुखवट्याचे वातावरण पसरले. संघाचा पांढरा गणवेश अपशकुनी ठरून पुढे बदलण्यात आला. गोलरक्षक बार्बोसा याच्यावरील ठपका तर २००० साली त्याचा मृत्यू होईपर्यंत पुसला गेला नाही. भारताच्या फुटबॉल संघाला जागतिक पातळीवर असा प्रसंग अनुभवावा लागला नाही, कारण तो संघ विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत कधी खेळलाच नाही. आपल्याकडे ही भावनिक गुंतवणूक क्रिकेटमध्ये झाली. त्यातही मुंबई हे क्रिकेटचे प्रमुख केंद्र असल्याने विजयाच्या मिरवणुकांप्रमाणेच पराभवानंतरचा रोषही महाराष्ट्राने फार जवळून पाहिला.

प्रेक्षक चंचल असतात, जिंकले की डोक्यावर घेतात आणि हरले की पायदळी तुडवितात, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते चुकीचे नाही, परंतु इतिहासाच्या दृष्टीने अपुरे आहे. चंचलता सर्वकाळ सारखीच असती तर प्रत्येक पराभवावर सारखीच प्रतिक्रिया उमटली असती. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. या भिन्नतेचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अपेक्षेविना पराभव

१९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात हेडिंग्ले येथील कसोटीच्या दुसऱ्या डावात भारताचे पहिले चार गडी शून्य धावसंख्येवर बाद झाले. त्या चौघांत दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर हे तीन मराठी खेळाडू होते, चौथे पंकज रॉय. त्याच दौऱ्यात ओल्ड ट्रॅफर्डवर भारतीय संघ एकाच दिवसात दोनदा सर्वबाद झाला (५८ आणि ८२). १९५९ मध्ये दत्ता गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील संघ इंग्लंडमध्ये पाचही कसोटी सामने हरला. हे पराभव १९७४ च्या पराभवापेक्षा कोणत्याही दृष्टीने सौम्य नव्हते. तरीही त्या काळाच्या आठवणींत हळहळ आणि थट्टा दिसते, सूडबुद्धी दिसत नाही. इंग्लंडमध्ये जाऊन आपण जिंकू, असे मुळात कोणाला वाटतच नव्हते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने मैदानावर उभे राहावे, सामना अनिर्णित ठेवावा, एवढीच माफक अपेक्षा होती. अपेक्षाच नसेल तर अपेक्षाभंग कोठून होणार?

१९७१ : चढती कमान

या माफक अपेक्षेला १९७१ साली पूर्णविराम मिळाला. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. मार्च १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे भारताने वेस्ट इंडीजला कसोटी सामन्यात प्रथमच हरविले आणि त्या एका विजयाच्या बळावर मालिका जिंकली. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी मालिकेत ६४२, तर पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकर यांनी ७७४ धावा केल्या. त्यानंतर २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हल मैदानावर भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय मिळविला. दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी बाद केले होते.

तो दिवस गणेश चतुर्थीचा होता. सामन्याच्या वेळी लंडनच्या मैदानावर एक हत्तीणही आणण्यात आली होती, ही हकीकत क्रिकेटप्रेमींच्या परिचयाची आहे. कोकणच्या दृष्टीने मात्र तिथीच अधिक अर्थपूर्ण ठरते. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा अखंड होता (सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला) आणि त्याची अर्थव्यवस्था मुंबईतील चाकरमान्यांच्या मनीऑर्डरवर अवलंबून होती. चतुर्थीला हाच चाकरमानी गावी येतो. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतील क्रिकेटचे वेड घेऊन आलेला हा वर्ग आणि घरातील रेडिओ, या दोन वाटांनी क्रिकेट कोकणातील खेड्यांत पोहोचत होते. बाळ ज. पंडित यांच्या मराठी धावत्या वर्णनाने इंग्रजी न जाणणाऱ्या श्रोत्यालाही या खेळाची परिभाषा दिली होती. तेव्हा या विजयाचा आनंद केवळ शिवाजी पार्कपुरता मर्यादित राहिला असेल, असे मानण्याचे कारण नाही.

मायदेशी परतलेल्या संघाचे पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीत कौतुक केले. मुंबईत विमानतळापासून ब्रेबॉर्न स्टेडियमपर्यंत मिरवणूक निघाली. इंदूर येथे या विजयाचे स्मारक म्हणून एक भव्य बॅट उभारण्यात आली. पुढे १९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडविरुद्धची मालिकाही २-१ अशी जिंकल्यानंतर भारत हा जगातील अव्वल संघ आहे, ही भावना दृढ झाली. १९७४ चा रोष समजून घ्यायचा तर ही उंची ध्यानात ठेवावी लागते.

१९७४ : बेचाळीस

१९७४ च्या इंग्लंड दौऱ्यातील तिन्ही कसोटी सामने भारत हरला. २४ जून रोजी लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात संघ अवघ्या १७ षटकांत ४२ धावांत संपुष्टात आला. जखमी चंद्रशेखर फलंदाजीस येऊ शकले नाहीत, एकनाथ सोलकर १८ धावांवर नाबाद राहिले आणि इंग्लंडने एक डाव व २८५ धावांनी विजय मिळविला. थंड व ओलसर हवामान, इंग्लंडची जलद गोलंदाजी, संघातील मतभेद अशी अनेक कारणे नंतर सांगितली गेली. गावसकरांच्या ‘सनी डेज’ (१९७६) या आत्मकथनात या दौऱ्याची हकीकत वाचावयास मिळते. लंडनमधील भारतीय उच्चायुक्त बी. के. नेहरू यांच्याकडील समारंभास संघ उशिरा पोहोचला, तेव्हा उच्चायुक्तांनी त्याचे स्वागत करण्यास नकार दिला. तीन वर्षांपूर्वी ज्या संघाच्या स्वागतास पंतप्रधान होत्या, त्याच देशाच्या प्रतिनिधीच्या दारातून संघाला परतावे लागले. मैदानावरील धावसंख्येपेक्षा हा प्रसंग कालमानाचा अधिक बोलका पुरावा आहे.

मायदेशी वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली. इंदूरच्या बॅटला डांबर फासण्यात आले. पश्चिम विभागाच्या संघातून त्यांना वगळण्यात आले आणि त्यांनी क्रिकेटमधून निवृत्ती स्वीकारली. त्याच वर्षी वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेसाठी कर्णधारपद पुन्हा पतौडींकडे गेले. ज्या कर्णधाराने देशाला लागोपाठ तीन मालिका जिंकून दिल्या होत्या, त्याची कारकीर्द एका उन्हाळ्यात संपली.

या रोषाचा संबंध तत्कालीन परिस्थितीशी जोडण्याचा मोह होतो. १९७२ च्या दुष्काळाच्या जखमा ताज्या होत्या. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या रस्त्यांवर लाटणे मोर्चे निघाले होते. मे १९७४ मध्ये देशव्यापी रेल्वे संप झाला आणि त्याच महिन्यात पोखरणची अणुचाचणीही झाली. रेशनच्या रांगेतील संताप खेळाडूच्या खिडकीवर निघाला, असे म्हणणे आकर्षक आहे, परंतु ते सिद्ध करणे कठीण आहे. दगड मारणारे थोडे होते. ते कोण होते, याची नोंद इतिहासाकडे नाही. ‘समाजमन’ म्हणून जे आपल्या हाती येते ते बहुधा शहरी, पुरुषप्रधान आणि वृत्तपत्रांनी टिपलेले मन असते. लाटणे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रीला बेचाळीस धावांचे काय वाटले, हे कोणी विचारले नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, १९७१ साली देशाच्या अस्मितेचे जे ओझे अकरा खेळाडूंवर ठेवले गेले, ते १९७४ साली त्यांच्याच अंगावर कोसळले. विजय सर्वांनी वाटून घेतला होता, पराभव एकट्या कर्णधाराच्या नावावर नोंदविला गेला.

दूरदर्शनच्या पडद्यावर

१९७४ चा पराभव लोकांनी ऐकला आणि वाचला. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले असले तरी इंग्लंडमधील सामने घरबसल्या पाहण्याचे दिवस अजून दूर होते. रत्नागिरीत मुंबईची वृत्तपत्रे एस.टी.ने येत. रागालाही त्या प्रवासात थोडा थंडावा मिळत असावा. १९८३ च्या विश्वविजयानंतर दूरचित्रवाणी संच घरोघरी पोहोचले आणि पराभव डोळ्यांदेखत घडू लागला.

५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडे स्टेडियमवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ग्रॅहम गूच यांनी स्वीपचा फटका वारंवार वापरून ११५ धावा केल्या आणि भारत ३५ धावांनी हरला. गावसकर आपल्या अखेरच्या आंतरराष्ट्रीय डावात, घरच्या मैदानावर, ४ धावांवर त्रिफळाचीत झाले. आदल्याच दिवशी पाकिस्तानही लाहोरला पराभूत झाल्याने भारत-पाकिस्तान अंतिम सामन्याचे स्वप्न विरले होते. मुंबईने हा पराभव बहुतांशी सुन्नपणे पचविला. शिक्षा झाली ती मंडळाकडून. कपिल देव यांचे कर्णधारपद गेले आणि आजारपणामुळे तो सामना न खेळलेले दिलीप वेंगसरकर कर्णधार झाले.

१३ मार्च १९९६ रोजी कोलकात्यात मात्र संयम सुटला. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना १ बाद ९८ वरून भारताची ८ बाद १२० अशी अवस्था झाली. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, गॅलरीत आगी लावल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. नाबाद राहिलेल्या विनोद कांबळीचे अश्रू देशभर पाहिले गेले. कोलकात्याच्या प्रेक्षकांना दोष देणारे विवेचन पुष्कळ झाले. या संघाचे व्यवस्थापक अजित वाडेकर होते, याची दखल त्या मानाने कमी घेतली गेली. बावीस वर्षांपूर्वी जनक्षोभाने ज्यांना खेळ सोडावा लागला, तेच जनक्षोभाच्या पुढच्या आवर्तनात संघासोबत होते. बार्बोसाला ब्राझीलने जे दिले नाही, ते, म्हणजे परत येण्याची संधी, भारतीय क्रिकेटने वाडेकरांना दिली. आपल्या समाजाचा राग तीव्र असतो, पण स्मरण तितके दीर्घ नसते. वाडेकरांच्या बाबतीत तरी ही विस्मृती उपकारक ठरली.

२००७ : बाजारपेठेचा शोक

२००७ च्या विश्वचषकात भारत १७ मार्चला बांगलादेशाकडून आणि २३ मार्चला श्रीलंकेकडून हरला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. दोन्ही सामने पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर झाले. १९७१ च्या विजययात्रेचा आरंभ याच मैदानावर झाला होता. अनेक शहरांत खेळाडूंचे पुतळे जाळण्यात आले, प्रतीकात्मक अंत्ययात्रा निघाल्या. रांचीत महेंद्रसिंह धोनी याच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली. प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांनी एप्रिलच्या आरंभी पद सोडले.

यावेळचा नवा घटक म्हणजे जाहिरात. वाहिन्यांनी आणि कंपन्यांनी विश्वचषकावर मोठा पैसा लावला होता. संघ बाहेर पडताच खेळाडूंच्या जाहिराती विसंगत, किंबहुना चिडविणाऱ्या वाटू लागल्या. त्यामुळे लोकांचा रोषही ‘हे खेळत नाहीत, जाहिराती करतात’ या शब्दांत व्यक्त झाला. १९७४ च्या खेळाडूंवर हा आरोप करणे शक्यच नव्हते. वाडेकर स्टेट बँकेत नोकरी करीत होते. नियामक मंडळाने या भावनेची दखल घेऊन एका खेळाडूने तीनपेक्षा अधिक जाहिराती करू नयेत, असे बंधन जाहीर केले, परंतु ते टिकले नाही. पराभवाची कारणे फलंदाजीत, संघनिवडीत आणि प्रशिक्षक-खेळाडू संबंधांत असताना उपाय जाहिरातींवर शोधला जावा, यात लोकक्षोभ शमविण्याचीच धडपड अधिक दिसते.

याच मार्चमध्ये कोकणात, भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत, टेनिस बॉलच्या स्पर्धांचा हंगाम असतो. हा खेळ राष्ट्रीय संघाच्या जयापजयाशी बांधलेला नाही. समाजमनाचा विचार करताना वाहिन्यांवरील आक्रोशाइतकेच या शेतांतील सातत्यही लक्षात घ्यावे लागेल.

२४ सप्टेंबर २००७ रोजी जोहान्सबर्ग येथे भारताने पहिला ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला. निवड समितीचे अध्यक्ष वेंगसरकर होते आणि कर्णधार धोनी. २६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, विमानतळापासून वानखेडेपर्यंत उघड्या बसमधून निघालेल्या मिरवणुकीला काही तास लागले आणि पावसातही रस्त्याच्या दुतर्फा गर्दी उभी होती. वानखेडेवरील सत्कार समारंभात मंचावरील पहिल्या रांगेत पदाधिकारी व राजकीय नेते बसले आणि खेळाडूंना मागची रांग मिळाली, अशी टीका दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतून झाली.