पाणी बंद केल्यावरचा दिवा

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत डोकवावे. लग्नघराची कळा आलेली असते. डिंकाचे डबे, थर्माकोलचे तुकडे, तारांची भेंडोळी, आणि एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ‘आदरणीय परीक्षक महोदय’ घोकणारा एखादा पोर. मी हायस्कुलात विज्ञान शिकवीत होतो तेव्हा ही घोकंपट्टी मोठ्या हौसेने करून घेत असे. या प्रदर्शनांचा पूर्वेतिहास चाळण्याची बुद्धी झाली ती निवृत्तीनंतर. त्याला एक जुने शल्य कारण आहे. ते ओघाने येईलच.

या प्रकाराचे मूळ सापडते ते न्यूयॉर्कला. तेथील ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट’ ही संस्था १८२८ सालची. शेतमालाची आणि कारखानदारीची प्रदर्शने भरवावीत, उत्तमाला बक्षीस द्यावे, हा तिचा जुना उद्योग. बरोबर शंभर वर्षांनी, १९२८ साली, तिने निसर्गेतिहासाच्या मोठ्या संग्रहालयात शाळकरी मुलांची जत्रा भरवली. आरंभी तिच्यात बागकाम आणि निसर्गनिरीक्षण यांचाच भरणा होता. मोठ्यांच्या प्रदर्शनाचीच ही धाकटी पाती, पण एक फरक होता. भोपळा पारखताना भोपळ्याला काही विचारावे लागत नाही. मुलाला मात्र विचारावे लागते. परीक्षकापुढे मूल उभे राहिले आणि त्याची तयारी करून घेणारे आम्ही मास्तर मागे उभे राहिलो.

पुढची पावले झपाझप पडली. १९४२ साली हुशार मुलांचा देशव्यापी शोध सुरू झाला. १९५० साली फिलाडेल्फियाला पहिले राष्ट्रीय प्रदर्शन भरले, त्यात अंतिम फेरीला अवघी तीस मुले होती. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागला आणि अमेरिकेला एकाएकी आपल्या शाळांतल्या विज्ञानाची काळजी पडली.

याच काळातली एक हकीकत मला फार मोलाची वाटते. वेस्ट व्हर्जिनियात कोलवूड नावाचे कोळशाच्या खाणीचे गाव आहे. तिथल्या खाण-अधीक्षकाचा मुलगा होमर हिकम आणि त्याचे मित्र यांनी स्पुटनिक पाहून अग्निबाण करायचे ठरवले. पहिल्या प्रयत्नात आईच्या गुलाबांचे कुंपण उडाले. पुढच्या बाणांना त्यांनी ‘ऑक’ हे न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले, आणि पहिला ऑक नावाला जागून सहा फूट चढला! हिकमने हे सारे १९९८ साली ‘रॉकेट बॉईज’ या पुस्तकात लिहिले आहे.

त्यांच्या शाळेत फ्रीडा रायली नावाच्या तरुण बाई पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवीत. त्यांनी या मुलाला क्षेपणास्त्रांच्या रचनेवरचे एक पुस्तक दिले. ते मोठ्या अभियंत्यांसाठी लिहिलेले. कलनशास्त्र आल्याशिवाय पान उलटणे कठीण. बाईंनी त्याचा सारांश काढून दिला नाही. मुले गणित शिकत गेली, बाण किती उंच गेला हे त्रिकोणमितीने मोजू लागली.

त्यातली नळकांड्याच्या तोंडाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. बागेतल्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धार लांब जाते, हे आपण सारे जाणतो. मग अग्निबाणाचे तोंड निमुळते करून तिथेच का थांबत नाहीत? गळ्यापुढे ते पुन्हा रुंद का करतात? कारण असे की, गळ्याशी वायूचा वेग ध्वनीइतका होतो, आणि त्याच्या पलीकडे न्याय उलटतो: वाट रुंद होत जाईल तसा झोत अधिकच वेगवान होतो. ही युक्ती स्वीडनच्या द लाव्हाल यांनी वाफेच्या चक्रासाठी काढली; दुधातून साय वेगळी करणारे यंत्रही याच गृहस्थांचे! हे ‘का’ ज्या मुलाने लोखंड जाळून जाळून स्वतः गाठले, त्याला परीक्षकाचे भय कसले? १९६० साली इंडियानापोलिसच्या राष्ट्रीय प्रदर्शनात हिकमच्या मांडणीतले सामान चोरीला गेले. गावच्या कामगारांनी यंत्रशाळेत नवे घडवून बसने पाठवले, आणि मुलाने सुवर्णपदक आणले. त्यांचा शेवटचा बाण एकतीस हजार फुटांवर गेला. रायली बाईंना तेव्हाच असाध्य दुखणे जडले होते. १९६९ साली त्या गेल्या तेव्हा अवघ्या एकतीस वर्षांच्या होत्या.

आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने मुलांचे राष्ट्रीय प्रदर्शन भरवण्यास १९७१ साली प्रारंभ केला. तिचे गुणांकन पाहिले म्हणजे मला आमच्या भिंतीकडच्या घोकणाऱ्या पोराची आठवण येते. शंभरांत वीस गुण मुलाच्या स्वतःच्या कल्पकतेला, पंधरा शास्त्रीय विचाराला, सादरीकरणाला दहा. त्या दहांसाठी आम्ही रात्री जागवीत होतो.

आता ते शल्य. साल १९८४, तालुक्याचे प्रदर्शन. आमच्या नववीतल्या एका मुलाने धरणाचा देखावा केला होता: वरून पाणी पडावे, चक्र फिरावे, दिवा लागावा. दिवा काही लागेना. रात्रीचे दहा वाजलेले. मी तळाच्या खोक्यात दोन सेल बसवले आणि म्हणालो, “कोण बघतो?” सकाळी एका वृद्ध परीक्षकांनी सारे भाषण शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “बाळ, आता पाणी बंद कर.” पाणी थांबले, चक्र थांबले, दिवा लख्ख जळत राहिला. मुलाने मान खाली घातली. माझे नाव घेतले नाही. मी तीन हातांवर उभा होतो. मीही घेतले नाही.

आठ दिवसांनी वर्गात सर्वांसमोर मी ते कबूल केले, पण वेळ टळली होती.

पुढच्या वर्षी तोच मुलगा सायकलचा डायनामो घेऊन आला. शाळेच्या टाकीतून चार मीटर खाली नळ आणला होता. बारा लिटरची बादली साठ सेकंदांत भरते, हे त्याने घड्याळ लावून मोजले. म्हणजे सेकंदाला दोनशे ग्रॅम पाणी, हिशेबाने जवळजवळ आठ वॅट शक्ती. दिवा तीन वॅटचा. तरीही तार नुसती लाल होई. या खेपेला मी काहीही पाठ करून घेतले नाही. फक्त त्याची वही पाहिली.

परीक्षक निराळे होते. त्यांनी विचारले, “आठ वॅट आहेत म्हणतोस, मग दिवा मंद का?”

“थोडे नळीत घासून जातात, थोडे चक्रावरून उडणाऱ्या पाण्यात,” तो म्हणाला. “बाकीचे कुठे जातात ते अजून सापडले नाही, सर.”

परीक्षकांनी खुर्ची ओढली आणि त्याची वही मागून घेतली.