प्रथम वार कोणाचा?



इतिहासाचे पुस्तक म्हणजे न्यायाधीशाचा निकाल, असा समज मुलांच्या मनात शाळेतच घर करून बसतो. वस्तुतः ती एका साक्षीदाराची जबानी असते, आणि साक्षीदाराची उलटतपासणी व्हावयास हवी.

आपल्याकडे हे काम एका विद्यार्थ्यानेच केले. ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला व पुढे मराठीतही उतरला. १८६७ साली डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी पुण्यात निबंध वाचून त्यातील दोष दाखविले. नुसता राग करून ते थांबले नाहीत. चिटणीसांची बखर छापून त्यांनी मूळ साधनच लोकांपुढे ठेविले.

अंधेरीस शिकवीत असताना १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडची भेट मी अशीच घेत असे. फळ्यावर तीन हकीगती, लेखकांची नावे झाकलेली. पहिलीत शिवाजीमहाराज आधीच बेत ठरवून वाघनखे चालवितात. दुसरीत खान महाराजांची मान बगलेत दाबून प्रथम जमदाड चालवितो. तिसरीत विजापूरची बेगमच खानास मैत्रीचे सोंग करण्याचा सल्ला देते, आणि महाराजही, बातमी लागल्याने म्हणा वा संशयाने, तसेच सोंग करतात. दुसरीस सारे हात वर होत. मग मी नावे उघडी करी. पहिली डफ यांची, १६७ वर्षांनंतरची. दुसरी कृष्णाजी अनंत सभासदांची, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून सुमारे १६९७ साली लिहिलेली. तिसरी राजापूरच्या इंग्रज वखारीतील हेन्री रेव्हिंग्टन याच्या पत्रातली, डिसेंबर १६५९ ची. तो दोघांपैकी कोणाचाही चाकर नव्हता, परंतु शामियान्यातही नव्हता! त्याचे म्हणणे धरले तर डफ यांचे एकतर्फी कपट टिकत नाही. प्रथम वार कोणाचा, हे मात्र ते पत्र सांगत नाही. मुले हिरमुसत. मला तो तास सर्वांत यशस्वी वाटे.

परक्याची उलटतपासणी सर्वांनाच गोड लागते. घरच्या कागदांचे काय? आपली उपनगरे ज्या साष्टीत वसली, तिथल्या अनेक ज्ञाती आपले मूळ राजा बिंबाबरोबर आलेल्या कुळांत शोधतात. त्याचा आधार असलेली महिकावतीची बखर राजवाडे यांनी १९२४ साली छापली. ती एका हातची नाही. निरनिराळ्या काळी लिहिलेली प्रकरणे तीत एकत्र आहेत. कुळांचा मानपान सांगणारा मजकूर कोणत्या प्रकरणातला, तो कोणी व कोणासाठी लिहिला, हे न पाहताच आपण तो वंशावळीत उतरवून घेतो. सभासदांना जो प्रश्न विचारला, तो आपल्या पणजोबांच्या वहीस विचारताना जीभ अडखळते.

म्हणून एक सूचना. स्मरणिकेकडे कुळकथा पाठविणाऱ्यांनी "पूर्वापार चालत आलेले" एवढेच न लिहिता कागद कोणत्या सालचा, कोणी लिहिला व मूळ प्रत कोणाच्या घरी आहे, हे खाली नमूद करावे. दुसऱ्या घरी निराळी हकीगत असल्यास तीही शेजारी छापावी.