ठशावर ठसा : जोगलटेंभीची चांदीची नाणी

रौप्यमहोत्सव म्हणजे चांदीचा उत्सव. स्मरणिका समितीने "सर, तुम्ही इतिहासाचं काहीतरी द्याच" असा आग्रह धरला, तेव्हा चांदीवरच लिहायचं ठरवलं. दागिन्यांच्या नव्हे, नाण्यांच्या चांदीवर. ही गोष्ट आपल्या सोसायटीलाही लागू पडते. कशी, ते शेवटी सांगतो.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून जास्त नाणी, आणि सगळी मुळात एकाच राजाची, नहपानाची. नहपान हा क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नाशिक, जुन्नर, कार्ले हा घाटवाटांचा आणि व्यापाराचा सारा पट्टा त्याच्या ताब्यात होता.

त्याचं नाणं लहानसं, वजनाला दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला राजाचा चेहरा आणि त्याभोवती चक्क ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत राजाचं नाव. नाशिककडे ग्रीक अक्षरं कुठून आली? वायव्येकडे राज्य करणाऱ्या ग्रीक राजांच्या 'द्राख्म' नाण्यांचा हा नमुना होता. या द्राख्मचा संस्कृतात 'द्रम्म' झाला आणि पुढे 'दाम'. आपण 'दामदुप्पट' म्हणतो, त्यातही हे ग्रीक नाणं आहे.

पण साठ्यातली खरी गंमत पुढेच आहे. यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजाचा ठसा मारलेला होता. एका बाजूला तीन कमानींची डोंगरासारखी खूण आणि 'गौतमीपुत्र श्री सातकर्णी राजाचं' अशा अर्थाची ब्राह्मी अक्षरं. दुसऱ्या बाजूला अधिकच्या चिन्हाला चार टोकांवर चार वर्तुळं, ज्याला 'उज्जैन चिन्ह' म्हणतात. हा सातकर्णी म्हणजे पैठणच्या सातवाहनांचा पराक्रमी राजा. नहपानाकडे गेलेला मुलूख त्याने परत जिंकला.

नाणी वितळवून नवी का नाही पाडली? एक तर मेहनत. चांदी वितळवायची, वजनाचे तुकडे करायचे, मग ठसा मारायचा. त्यापेक्षा तयार नाणं घेऊन त्यावरच हातोड्याचा घाव घालणं सोपं. दुसरं म्हणजे सातवाहनांची रोजची नाणी शिसं, तांबं आणि पोटिन नावाच्या मिश्रधातूची असत. आपल्या विदर्भात मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा इथे १९३९ साली सातवाहन नाण्यांचा मोठा साठा निघाला, तोही पोटिनचाच. अशा राज्याला हजारो चांदीची नाणी आयती मिळाली होती.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हे नाणं लोकांच्या हातात होतं, विश्वासाचं होतं. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेणीत एक व्यवहार कोरून ठेवला आहे. गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापण ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी मोडायचं नाही, फक्त व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. आपल्या खजिनदारांना ही मुदत ठेव नक्की आवडेल! आता राज्य बदललं म्हणून जुनं नाणं रद्द, असं झालं असतं तर विणकर, व्यापारी, भिक्षू सगळेच अडचणीत आले असते. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये बँकेसमोर रांगा लावलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. सातकर्णीने राजाचं नाव बदललं, चांदी तीच ठेवली.

हे औदार्य होतं असं मात्र समजू नका. त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्याच लेण्यात लेख कोरवला आहे. त्यात आपल्या मुलाने क्षहरात वंश समूळ नष्ट केला, असं ती अभिमानाने सांगते. म्हणजे इरादा जुनं पुसण्याचाच होता. पण घाव जिथे कमी पडला, तिथे नव्या खुणेखालून नहपानाचं नाक, कान, ग्रीक अक्षरं अजून डोकावतात. ती राहिली, म्हणून इतिहासाला उपयोग झाला. खालचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा, याला दुसरा पुरावा लागत नाही. मधल्या कुणा राजाची नाणी साठ्यात नाहीत. त्यामुळे सातकर्णीने नहपानालाच हरवलं असावं, या मताला मोठं बळ मिळालं. प्राचीन ग्रीक शहरांच्या नाण्यांचा क्रमही अभ्यासक अशाच दुहेरी ठशांवरून लावतात. इ. स. १३२ ते १३५ मध्ये रोमविरुद्ध उठलेल्या ज्यूंनीही रोमन नाण्यांवरच आपला ठसा मारला होता.

आपलं गावही असंच आहे. १९३६ साली गांधीजी राहायला आले ते शेगावात. पण बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला आणि १९४० मध्ये गावाचं नाव 'सेवाग्राम' झालं. नवं नाव जगभर गेलं, तरी जुनं माहीत असल्याशिवाय त्या काळची पत्रं नीट वाचता येत नाहीत.

आता सोसायटीकडे येतो. तुमच्या शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू काढून बघा. फ्लॅट विकला गेला किंवा वारसाकडे आला, की तिथे नव्या सभासदाच्या नावाची नोंद होते, पण समोरचं मूळ नाव कुणी खोडत नाही. गेल्या २५ वर्षांत कितीतरी फ्लॅट असे हस्तांतरित झाले. काही संस्थापक सभासद आज आपल्यात नाहीत.

प्रवेशद्वाराजवळची मूळ सभासदांच्या नावांची पाटी काढून तिथे नवी ग्रॅनाइटची पाटी लावायची, असा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. आज राहणाऱ्यांची नावं लागावीत, ही मागणी रास्तच आहे. माझी सूचना एवढीच, की नवी पाटी जरूर लावा, पण जुनी काढू नका. तिच्या शेजारी किंवा खाली लावा. अक्षरं पुसट झाली आहेत, त्यांना रंग भरू. ज्यांनी चिखलात उभं राहून ही जागा बघितली, त्यांची नातवंडं आज याच आवारात खेळतात. आजोबांचं नाव त्यांना बोट ठेवून वाचता आलं पाहिजे.