ताम्रपट वणीचा, आसन काशीचें

सप्तशृंगगडाच्या वाटेवर वणी गांव लागतें. देवीच्या शिखराजवळच मार्किंड्याचा डोंगर उभा आहे. पण गडावर निघालेला यात्रेकरू त्याच्याकडे सहसा पाहत नाहीं. इतिहासाला मात्र त्याच्याकडे पाहावें लागलें. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके ७३० चा ताम्रपट वणी-दिंडोरीचा म्हणून प्रसिद्ध आहे. नासिक देशांतील वटनगर विषयांतलें एक गांव दान दिल्याचा तो लेख. राजाचा मुक्काम त्या वेळीं मयूरखंडीस होता. ही मयूरखंडी म्हणजे मार्किंड्याच, असें ब्यूलरसाहेबांचें मत.

मग ती राजधानी होती काय? लेखांतील शब्दयोजना बारकाईनें पाहून ‘राजधानी नव्हे, सैन्याचा तळ’ असा निर्णय डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनीं दिला. राष्ट्रकूटांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३४ सालीं पुण्यांत प्रसिद्ध झाला. मूळ तो डी. लिट्. पदवीचा प्रबंध. ग्रंथकार कोल्हापुराकडचे, प्रकाशक पुण्याचे, विषय आमच्या दक्षिणेचा. परंतु पदवी काशीच्या हिंदु विश्वविद्यालयाची आणि अध्यापकाचें आसनहि तेथलेंच! पुढें ते पाटण्यास गेले व तेथेंच संशोधनसंस्थेचे संचालक झाले.

विद्वानानें काशीस जाणें यांत वावगें कांहीं नाहीं. पण परत यायचें म्हटलें तर येथें बसायचें कोठें? मुंबई विद्यापीठाचा व्याप तेव्हां मुख्यतः परीक्षांचा. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून व भांडारकर संस्था १९१७ पासून चालत आल्या खऱ्या. पण त्यांचा बराच भार देणग्यांवर आणि पदरमोड करणाऱ्या माणसांवर. पदरमोडीची थोरवी आम्ही फार गातों. ज्याच्या घरीं चूल पेटवायची आहे त्याला ती थोरवी पुरत नाहीं, हें बोलत नाहीं.

पुण्याचें डेक्कन कॉलेज तर सरकारनें १९३४ सालीं, म्हणजे आळतेकरांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षीं, बंद केलें. माजी विद्यार्थी कोर्टांत गेले, तेव्हां १९३९ सालीं त्याचीं दारें पुन्हा उघडलीं, तीं पदव्युत्तर संशोधनासाठीं. लंडनची डॉक्टरेट मिळवून आलेले हसमुख सांकळिया तेथें पुरातत्त्वाचे अध्यापक झाले. बर्लिनच्या डॉक्टर इरावती कर्वे यांनाहि तेथेंच मानवशास्त्राचें काम मिळालें. पगार, ग्रंथालय आणि हाताखालीं विद्यार्थी, एवढीच काय ती सामग्री.

१९५०-५१ सालीं सांकळियांची तुकडी नाशकास गोदाकांठच्या मातीच्या गढीवर उत्खननासाठीं आली. त्या उत्खननाचा अहवाल सांकळियांच्या बरोबरीनें ज्यांनीं लिहिला, ते शां. भा. देव डेक्कन कॉलेजांतलेच.